पुन्हा त्याच फाटकाशी
आज तीन वर्षांनी भोसरी एमआयडीसीतल्या त्याच कारखान्याच्या फाटकाशी हातात अर्ज घेऊन उभा राहिलो, जिथून गैरहजेरीच्या कारणावरून मला कामावरून काढण्यात आले होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात फेरभरतीचे प्राधान्य होते ते कपातीत गेलेल्या कामगाराला. गैरवर्तनासाठी काढलेल्याला नव्हे. त्यामुळे माझ्याकडे हक्क नव्हता, केवळ विनंती होती. वडिलांच्या आजारपणात मी अकरा दिवस न कळवता घरी राहिलो, फोन करणे शक्य असूनही केला नाही, एवढेच अर्जात प्रामाणिकपणे लिहिले. ज्या सुपरवायझर साहेबांनी तेव्हा माझ्याविरुद्ध अहवाल दिला होता, त्यांनीच तो वाचून खुर्ची पुढे केली आणि वडिलांची चौकशी केली, तेव्हा माझा गळा दाटून आला. सोमवारी सीएनसी मशिनवर चाचणीसाठी बोलावले आहे.