बरणीतली बाळंतीण

बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की आमची पंचगंगा नदी राहत नाही, लांबट तळं होते. पाणी कुठल्या दिशेला जातंय हे बघायला पान टाकून थांबावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन घाटावर गेले होते. बुडालेल्या पायरीवर शेवाळात सुपारीएवढा शंख चिकटलेला. तिनं उचलला आणि आतल्या बाईसाहेबांनी दार लावून घेतलं. दार म्हणजे खरंच दार! नखासारखी तपकिरी चकती, तिच्यावर एकात एक वळी, आणि अशी घट्ट बसलेली की सुईसुद्धा शिरणार नाही.

"आत्या, घरी नेऊया ना."

लोणच्याची बरणी तीनदा धुऊनही मोहरीचा वास जाईना, म्हणून मधाची घेतली. नदीचंच पाणी, शेवाळलेला एक दगड.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाचीनं मला गदागदा हलवून उठवलं. बरणीच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढे सात शंख चढत होते. अंडी नाहीत की काही नाही. भिंग लावून बघितलं तर प्रत्येकाला स्वतःचं इवलंसं झाकणसुद्धा होतं.

आई म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी आलीय ती. राहू दे."

मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, तरी माझी ट्यूब उशिरा पेटली. ही बेलामिया बेंगालेन्सिस, गोड्या पाण्यातली गोगलगाय. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनं १८२२ मध्ये हिचं वर्णन केलं. नावात बंगाल असला तरी वस्ती पार आमच्या घाटापर्यंत. (बंगालीत हिला 'गुगली' म्हणतात आणि चवीनं खातात. क्रिकेटशी संबंध नाही.) डबक्यातल्या पुष्कळ गोगलगायी पानांवर चिकट अंडी घालतात, आणि एकच जीव नरही असतो, मादीही. हिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. नराचं उजवं शिंग आखूड नि जाड. मीलनासाठी तेच वापरतो. आमच्या पाहुणीची दोन्ही शिंगं सारखी बारीक होती. मादी पिल्लं पोटातल्या पिशवीत वाढवते आणि शंखासकट बाहेर सोडते. परीक्षेत हे मी लिहिलं असणार, पण बघितलं आत्ता.

परत सोडताना वाद झाला. भाचीला जुनीच पायरी हवी होती. पण तिथं नाल्याचा फेस आला होता आणि ही कल्ल्यांनी श्वास घेते. शेवटी वरच्या अंगाला, वडाखाली बरणी तिरपी केली. पिल्लं घरंगळत गेली. आईनं मात्र दार लावून घेतलं होतं, ते आम्ही निघेपर्यंत उघडलं नाही.