पहाऱ्याची यादी

मागच्या रविवारी भाचीला घेऊन नाशिकच्या पांडवलेणीला, म्हणजे डोंगरात कोरलेल्या जुन्या बौद्ध लेण्यांना, गेले होते. ती नववीत आहे, आणि सध्या तिला प्रत्येक गोष्टीवर प्रश्न पडतात, जे मला फार आवडतं. सकाळी सहाला फाळके स्मारकाशी गाडी लावली आणि पायऱ्या चढायला लागलो. निम्म्यात ती थांबली आणि म्हणाली, मावशी, विचार म्हणजे डोक्यातली गोष्ट असते नं, मग त्याच्यासाठी लोक अख्खा डोंगर कशाला कोरत बसतात?

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तेच डोक्यात फिरतंय म्हणून आज लिहायला बसले.

वर गेल्यावर मी तिला आधी १० नंबरच्या लेणीत नेलं. तिथला ओसरीतला शिलालेख माझा सगळ्यात लाडका आहे, त्याला कारण म्हणजे मी बँकेत ठेवींच्या काउंटरला बसते. नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई उषवदात, त्यानं ही लेणी चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिली, हे तर लिहिलंच आहे, पण पुढे बघा काय लिहिलंय. त्यानं ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांचा संघ. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक टक्का व्याजानं, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि २००० च्या व्याजातून लेणीत वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण.

मी भाचीला मोबाईल काढून हिशोब करायला लावला. २००० वर महिन्याला एक टक्का म्हणजे २०, वर्षाचे झाले २४०. आता २० भिक्खू गुणिले १२. तिनं ते २४० बघितलं आणि परत भिंतीकडे बघितलं. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हे गणित मांडलंय, एक नाणं कमी नाही की जास्त नाही, आणि नंतर ते निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदवलंय म्हणजे उद्या कुणी नाही म्हणायला नको. गोवर्धन गाव आजही आपल्या गंगापूर रोडनं पुढे गेलं की लागतं.

मला हे का महत्त्वाचं वाटतं सांगते. चारी दिशांचा संघ, म्हणजे कुठूनही आलेला माणूस चालेल, हा विचार ऐकायला सुंदर आहे, पण पावसाळ्यात तो माणूस भिजून आला तर त्याच्या अंगावर काय, हे कुणीतरी ठरवायला लागतं. उषवदातानं पैसे दिले हे खरं, पण महिन्याच्या महिन्याला व्याज काढून देणारे ते विणकर होते, ज्यांचं एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. विचाराला हातपाय फुटतात ते तिथे असं मला वाटतं.

तिथून आम्ही १८ नंबरला गेलो, चैत्य, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची लेणी. दाराच्या कमानीपाशी एक छोटासा लेख आहे, धंभिक गावाचं दान. म्हणजे राजा नाही, जावई नाही, एका गावानं मिळून दरवाजा दिलाय. ह्या दरवाजावर मी परत येणारे.

आता माझ्या गावाचं. आमचं गाव सिन्नरकडे आहे, नाव लिहीत नाही. आमच्याकडे दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो, पहाटेचा काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. आमचं घर माळकरी, आजी पौष वारीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांना पायी जायची. तर सप्ताहात विणा खाली ठेवायचा नसतो. सात दिवस, रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात विणा असतो आणि तो माणूस उभा असतो. दोन-दोन तासांचे पहारे लावतात, त्याची यादी कागदावर लिहून मंडपाच्या खांबाला चिकटवतात. दोन तास झाले की पुढचा येतो, आधीच्याच्या गळ्यातून विणा काढून आपल्या गळ्यात घालतो आणि मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय नाही बघत. माझे आजोबा पंचाहत्तरीचे असताना मिसरूड न फुटलेल्या पोराच्या पाया पडलेले मी पाहिलेत, गुडघा दुखत होता तरी एक हात खांबाला धरून पूर्ण वाकले होते.

समोरच्यात देव आहे हे वाक्य कीर्तनात शंभर वेळा ऐकलं असेल, पण ते मला कळलं ते त्या गुडघ्यामुळे. शरीरानं तो विचार केला होता.

पण त्याच खांबावरच्या यादीत दुसरी पण एक गोष्ट होती. सात दिवसांचे ८४ पहारे होतात. मी दहा-अकरा वर्षांची असेन, नुकतं जोडाक्षर चांगलं वाचता यायचं म्हणून सगळी यादी मोठ्यानं वाचत होते, आणि मी वडिलांना विचारलं की माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आजोबांचं नाव का नाही, ते तर इतके छान अभंग म्हणतात. ती माणसं गावाच्या खालच्या अंगाला राहायची, वस्तीत. कीर्तनाला यायची पण मंडपाच्या कडेला बसायची. वडील म्हणाले, त्यांचं वेगळं असतं. ८४ मध्ये एकही नाव नाही. ते उत्तर मला आजही टोचतं, आणि वडिलांनाही टोचत असणार कारण ते लगेच दुसरीकडे बघायला लागले होते.

पंढरपुरात चोखोबांचं तेच झालं. अभंग सगळ्यांच्या तोंडी, समाधी मात्र दाराच्या बाहेर, आणि विठ्ठलाच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. वारकऱ्यांनी समतेला चालणं दिलं, टाळ दिला, वाकणं दिलं, आणि मी त्याच्यातूनच आलेली आहे म्हणून हे म्हणायचा मला हक्क आहे, की दरवाजा नाही दिला. विचाराचं अर्धंच अंग तयार झालं आणि शेकडो वर्षं तसंच राहिलं.

दरवाजा म्हटलं की नाशिकच्या माणसाला काळाराम मंदिर आठवतं. मी पंचवटीत राहते, पूर्व दरवाजावरून रोज जाणं-येणं होतं, बाहेर फुलं, तुळशीच्या माळा, खेळणी, सगळं चालू असतं. १९३० साली २ मार्चला, अस्पृश्य मानलेल्यांना देवळात जाता यावं म्हणून, इथे हजारोंची मिरवणूक आली, बाबासाहेब आंबेडकर पुढे, आणि सगळं उभं केलेलं होतं आपल्याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी. दरवाजे बंद होते. मग लोक गोदाघाटावर गेले, तिथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका. देवळाला चार दरवाजे, चारही दरवाजांसमोर माणसं बसली.

हे वाचताना मला दर वेळी तो खांबावरचा कागद आठवतो. कारण हासुद्धा पहाराच आहे. एक तुकडी उठली की दुसरी बसणार, कुणी यायचं, कुणी भाकरी आणायची, अटक झाली तर घरी कोण बघणार, हे कुणीतरी रोज ठरवत असणार. ९ एप्रिलला रामाचा रथ सवर्ण आणि सत्याग्रही अशा दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा ठरलं होतं, पण ऐनवेळी रथ पुढे पळवला आणि दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही लागलं. तरी लोक मागे हटले नाहीत, हा लढा पुढे पाचेक वर्षं चालला. आपण सहज म्हणून जातो सत्याग्रह झाला, पण पाच वर्षं शेतमजुरी करणाऱ्या माणसांनी एका बंद दारासमोर ऊन-पाऊस काढणं म्हणजे काय हे जरा मनात आणून बघा.

आणि दार उघडलं नाही, पण बसता बसता विचार बदलला, ही मला ह्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेबांना पत्रात कळवलं की मूर्तीचे पूजक व्हावं म्हणून हा लढा सुरू केला नव्हता, समाजाला जाग यावी, आपली जागा काय आहे ते कळावं म्हणून केला होता, आणि आता ते काम झालंय. नंतर १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. तिथून १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर, बौद्ध धम्माची दीक्षा, पांढरे कपडे घातलेले लाखो लोक आणि एका आवाजात २२ प्रतिज्ञा. आधी विचार पक्का झाला आणि मग लोक कामाला लागले असं झालेलं नाही, दाराशी बसलेल्या लोकांनी तो विचार पुढे नेला.

ह्या सगळ्यात गाणं कुठे असं कुणी म्हणेल तर त्यानं आमच्या नाशिक जिल्ह्याकडे बघावं. भीमराव कर्डकांचा जलसा आणि नंतर गाणी लिहिणारे वामनदादा कर्डक, आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जलसा म्हणजे ढाचा तमाशाचाच, गण, गवळण, वग, ढोलकी तीच, तुणतुणं तेच. पण गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं, आणि वगात राजाराणीच्या जागी पाणवठा, शाळा, सावकार आला. लोकांचे पाय आधीच त्या ठेक्यावर हलत होते, त्यामुळे शब्द नवीन असले तरी अंगाला ओळखीचे वाटले. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत विचार पोचला तो ह्या ढोलकीवरून. वामनदादांना स्वतःला वाचायला यायला लागलं ते मोठेपणी, आणि त्या माणसानं हजारो गाणी लिहिली. माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी १४ एप्रिलच्या आदल्या रात्री तिचे आजोबा ती गाणी म्हणायचे, त्याच गळ्यानं ज्यानं ते अभंग म्हणायचे. आमच्या मंडपात तो गळा कडेला बसायचा आणि तिथे मधोमध.

भाचीला मी हे सगळं मागच्या आठवड्यात तुकड्या-तुकड्यात सांगितलं. ती म्हणाली, मग ते विणकर मेल्यावर व्याज कोण देत होतं? बरोबर प्रश्न आहे. मुलं देत असतील, मुलांची मुलं देत असतील, आणि कधीतरी कुणीतरी द्यायचं थांबलं. लेणी राहिली, भिक्खू राहिले नाहीत. शेकडो वर्षांत डोंगराला पांडवलेणी हे नाव चिकटलं, म्हणजे ही कुणी कशासाठी कोरली हेच लोक विसरले होते. दगडावर लिहूनसुद्धा. खाली आता बुद्ध स्मारक आहे, लोक परत पांढरे कपडे घालून येतात, पण मधली कित्येक शतकं मोकळी गेली.

परवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ह्या वर्षीच्या सप्ताहाच्या यादीचा फोटो आला. अजूनही हातानेच लिहितात, निळ्या पेननं. मी झूम करून सगळे ८४ पहारे वाचले, सवयच आहे. चौथ्या दिवशी पहाटे २ ते ४ ला माझ्या त्या मैत्रिणीच्या भावाचं नाव आहे. पहिल्यांदाच. एकच आहे, आणि पहाटे दोनचं आहे, जेव्हा मंडपात कुणी नसतं, हे मला दिसतंय आणि त्याबद्दल मी ग्रुपवर लिहिलंही, उत्तर आलेलं नाही. त्याच्यानंतर ४ ते ६ ला माझ्या वडिलांचं नाव आहे.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला होता. गुडघ्याचा पट्टा नाशिकहून घेऊन ये म्हणाले, आणि मोबाईलला साडेतीनचा गजर कसा लावतात ते विचारत होते.