पाठीला लागलेली माती

सोमवार, रात्री पावणेबारा

आज ऑफिसात सगळ्यांना बॉक्सिंगचे ग्लोव्हज वाटले. लाल, चकचकीत, आतून प्लॅस्टिकचा वास मारणारे. शुक्रवारी मोठं पिच आहे, म्हणजे क्लायंटपुढे जाहिरात मांडून दाखवायची. त्यासाठी वातावरणनिर्मिती. साहेबांनी माइक घेऊन सांगितलं की आपण सगळे फायटर आहोत, समोरच्याला पहिल्याच राउंडला झोपवायचं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ग्लोव्हज घालून टाळ्या वाजत नाहीत, नुसतं धप् धप् होतं.

त्या साठ-सत्तर जणांत खरोखरची आपटी खाल्लेला बहुधा मी एकटाच. कोल्हापुरात नववी ते बारावी चार वर्षं तालमीत काढली. वजन ५७ किलो. कमाई म्हणजे जत्रेतल्या नारळावरच्या कुस्त्या, एकूण नारळ ११. (आईनं एकाची वडी केली, बाकीचे चटणीत गेले.) त्यामुळे मी स्वतःला पैलवान म्हणवून घेत नाही. पण 'झोपवायचं' हा शब्द तालमीत कुणाच्या तोंडी ऐकल्याचं आठवत नाही. तिथं बोलणं असायचं ते पाय कुठं पडला, मान का वर राहिली, हात आधी का दिलास, याचं.

आमच्या जाहिरातीच्या धंद्यात उपमा द्यायची तर क्रिकेटची. त्यातलं मोठं नाव, पीयूष पांडे, तर राजस्थानकडून रणजी खेळलेले. मला ती उपमा कधी पटली नाही. शून्यावर बाद झालेला माणूस पॅव्हेलियनमध्ये जाऊन पॅड सोडतो, मागे बाकीचे असतात. कुस्तीत अंगावर लंगोट, समोर एक माणूस आणि भोवती तुमच्या बापाला नावानं ओळखणारं गाव. स्वतःची स्क्रिप्ट वाचून दाखवताना मला नेमकं असंच उघडं वाटतं. सोळा वर्षं झाली, तरी वाटतं.

ग्लोव्हज घरी आणलेत. लेकीनं एक बाहुलीला पांघरूण म्हणून घातलाय.

मंगळवार, रात्री सव्वा

इंटर्नल रिव्ह्यू. तीन स्क्रिप्ट नेल्या होत्या, तिन्ही पडल्या.

काम शेतीपंपाचं आहे. विहिरीवरची मोटर. ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटच्या मागणीच्या कागदात, 'दमदार' हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजला. आणि माझी पहिली स्क्रिप्ट कसली होती? पैलवानाची! पैलवान दोर ओढतोय, मोटर पाणी ओढतेय. स्वतःची मलाच लाज वाटली. सिमेंट, सळई, खाद्यतेल, सगळ्यांनी पैलवान वापरून झालाय. तालमीत चार वर्षं काढलेल्या माणसाला मोटर म्हटल्यावर पैलवानच सुचावा, याला काय म्हणायचं?

माझं सोडा. आमच्याकडे एक नवा पोरगा आलाय, दोनच वर्षांचा अनुभव. त्याची स्क्रिप्ट अर्ध्यातच थांबवली. मीटिंग संपल्यावर तो जिन्यात जाऊन बसला. मी दोन कटिंग घेऊन गेलो. डोळे लाल. म्हणाला, "सर, मला जमत नाहीये हे." आठ माणसांनी टेबलाभोवती बसून, समोर लॅपटॉप उघडे ठेवून, अर्धं लक्ष चॅटमध्ये ठेवून त्याला पाडलं होतं. हात द्यायला कुणी उठलं नव्हतं.

त्याला मी तालमीबद्दल सांगायला गेलो आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की गोम कुठं आहे.

पहाटे साडेचारला आखाडा खणायचा. नव्या पोरांचं काम. लाल माती, तीत ताक, तेल, हळद, लिंबू. फावड्यानं उकरून, ढेकळं फोडून, पायानं सारखी करायची. पहिलं वर्ष मी लढलो कमी आणि खणलं जास्त. मग जोर, बैठका. मग लढत. वस्ताद मला मुद्दाम सत्तरच्या वरच्या पैलवानाबरोबर सोडायचे. रोज वीस-पंचवीस वेळा पाठ टेकायची. नाकात माती, कानात माती, दातांत कचकच. आणि त्या पंचवीस वेळांना हार कुणी म्हणायचं नाही. पाडणाराच हात देऊन उठवायचा, "पुन्हा ये" म्हणायचा. हार म्हणजे मैदानात झालेली. वर्षातून चार-सहा वेळा, हलगी वाजत असताना, चार लोकांसमोर. तालमीतलं पडणं हे नुसतं पडणं. चार वर्षांत मी हजारो वेळा पडलो असेन. त्यातला एकही दिवस आठवत नाही. हरलो तो दिवस मात्र तारखेसकट आठवतो.

ऑफिसात मैदानं ढीगभर झालीत, तालीमच उरलेली नाही. चारला 'ऑप्शन' मागायचे, सहाला दाखवायचे, आणि दाखवलेलं प्रत्येक निकालीच. पोरांना पडायला जागा कुठाय?

मला होती. माझी पहिली नोकरी दादरच्या एका लहानशा एजन्सीत. वरच्या बाई मूळच्या आर्टवाल्या, पण कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, अशी वाचायच्या की घाम फुटावा. म्हणायच्या, "उद्या शंभर ओळी आण. चांगल्या नकोत, शंभर हव्यात." मी न्यायचो. त्या पेन्सिलीनं काट मारत जायच्या, चेहऱ्यावर राग नाही की लोभ नाही. सत्याण्णव कटायच्या. तीन उरायच्या, त्यातल्या दोन त्या दुसऱ्या दिवशी मारायच्या. ती लढत होती. ते मला तेव्हा कळलं नव्हतं, कारण शंभर ओळींनी दातांत माती येत नाही. आखाडा खणण्याचं कामही होतंच: पाकिटाच्या मागचा मजकूर. 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा' हे मी आयुष्यात किती वेळा लिहिलंय, देव जाणे.

पोरगा म्हणाला, "तुमचे कान तसे नाहीत, पैलवानासारखे." नाहीत. लढतीत घासून घासून पैलवानाचे कान मोडतात; माझे मोडण्याआधीच मी मुंबईला पळालो.

त्याला म्हटलं, उद्यापासून सकाळी दहाला माझ्याकडे तीस ओळी घेऊन ये. क्लायंट नाही, डेडलाइन नाही. बघू येतो का.

गुरुवार, पहाटे

पोरगा आला. काल तीस ओळी आणल्या. अठ्ठावीस मारल्या. जाताना चक्क हसत गेला.

झोप नाही म्हणून लिहितोय. ओळ सापडल्यासारखी वाटतेय, पण आधी खडाखडीबद्दल.

नवख्या माणसाला कुस्तीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे खडाखडी. दोघं डोक्याला डोकं लावून, मानेवर हात टाकून नुसते ढकलत असतात. गर्दी ओरडते, "अरे, लागा की!" खरं तर तेव्हा ते लागलेलेच असतात. समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे, तो पुढं रेटतोय की मागं झुकतोय, श्वास कुठं तुटतोय, हे सगळं त्या हातातून कळतं. आणि ते कळावं म्हणून आधी एक गोष्ट करायची असते, जी मला जगातल्या कुठल्याच खेळात दिसत नाही: समोरच्याच्या अंगाला आपणच माती लावायची. घामावरून हात निसटू नये म्हणून. ज्याला पाडायचं त्याच्याच पाठीवर मूठभर माती चोळायची, आणि तोही आपल्याला चोळतो.

मी इतके दिवस ब्रीफशी खडाखडी न करताच डाव टाकत होतो. 'दमदार' शब्दाचा मला राग आला होता. दम नको, काहीतरी हळवं देऊ, असा माझा हेका. म्हणजे समोरचा पुढं रेटतोय आणि मीही पुढं रेटतोय. त्यात जिंकतो तो वजनदार. आणि वजनदार कायम क्लायंटच असतो.

धोबीपछाडीत काय होतं? समोरचा जोर लावून अंगावर येतो. त्याला येऊ द्यायचं. त्याचा हात खांद्यावर घ्यायचा, वळायचं, त्याच्या पोटाखाली पाठ द्यायची आणि धोबी कापड आपटतो तसा पुढं टाकायचा. उचलायची ताकद फारशी लागत नाही, जोर त्याचाच असतो. ५७ किलोच्या पोराला सत्तरचा माणूस टाकता येतो तो असा. (एकदाच टाकला. बाकी सगळ्या वेळा त्यानं मला.)

तर क्लायंट म्हणतोय दम. बरं, घे दम. दम म्हणजे शेतकऱ्याला काय? आणि मला मामा आठवला. कागलकडे त्याचा दीड एकर ऊस. शेतीची लाइट कधी रात्री बाराला, कधी दोनला. मोटर चालू करून मामा अंगणात बाजेवर आडवा व्हायचा, पण झोपायचा नाही. कान विहिरीकडे. आवाज जरा बदलला की उठून बसायचा. मामी आतून म्हणायची...

तेच लिहिलंय. पडद्यावर अंधार. तीस सेकंद नुसता मोटरचा एकसुरी आवाज, लांबवर कुत्रं, पाटात पडणारं पाणी. बाज करकरते. बाईचा झोपाळू आवाज:

"आवाज येतोय न्हवं? मग निजा की."

बस्स. त्यानंतर पंप.

क्लायंटला सहा सेकंदांचीही फिल्म हवीय, मोबाइलसाठी. आधी मला तो छळ वाटायचा. पण खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. मातीत वेळेचा फारसा जाच नाही, मॅटवर घड्याळ. तरी ते सहावे आले. सहा सेकंदांत मोटरचा आवाज आणि 'निजा की' बसतंय. मोजून बघितलं.

शुक्रवार, रात्री

पिच झालं.

लहानपणी खासबागेत पहिल्यांदा गेलो तेव्हा छातीत धस्स झालं होतं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२चं मैदान. आखाडा मधोमध आणि बैठक चारही अंगांनी वर चढत गेलेली. शेवटच्या रांगेतल्यालाही कुणाची पाठ टेकली ते दिसतं. महाराजांना हे रोममध्ये बघून सुचलं म्हणतात. लपायला जागा नाही. आजची मीटिंगची खोली तिसऱ्या मजल्यावरची, एसी गोठवणारा, माणसं सात, पण पोटात तसाच गोळा.

आधी माती लावली. त्यांचाच 'दमदार' शब्द घेतला, त्यांनाच विचारलं, रात्री दोन वाजता दम कसा ओळखायचा? दिसत तर काहीच नाही. मालक जरा पुढं झुकले. साठीचे गृहस्थ, सांगलीकडचे. मग दिवे घालवले आणि फोनवर रेकॉर्ड करून आणलेला मोटरचा आवाज सोडला. मामीची ओळ मीच म्हटली.

शांतता. मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, "पण प्रॉडक्ट शॉट पहिल्या तीन सेकंदांत..." आणि मी तोंड उघडणार, वाद घालणार, तेवढ्यात आमची सर्व्हिसिंगची, म्हणजे क्लायंट सांभाळणारी मुलगी म्हणाली, "चहा घेऊया का दहा मिनिटं?"

त्या दहा मिनिटांची किंमत मला ठाऊक आहे. १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जपानच्या इशीबरोबर दमछाक करणारी कुस्ती हरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या पैलवानापुढे उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो बोलून दाखवायला आपल्या बाजूचं कुणीच तिथं नव्हतं. ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक म्हणून आपण ते मिरवतो, आणि मिरवावंच. पण त्या अर्ध्या तासाचं काय, हे कोल्हापूर-कराडकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो अजून चिडतो. आम्ही क्रिएटिव्हवाले सर्व्हिसिंगला पोस्टमन म्हणून हिणवतो. आज त्या पोरीनं माझा अर्धा तास मागून घेतला.

चहात मालक माझ्याजवळ आले. म्हणाले, "गाव कुठलं?" सांगितलं. "आमच्यात पण निजा म्हणत्यात." एवढंच. पुढे काही बोलले नाहीत. यातून हो की नाही ते काढता येत नाही.

साहेबांचे ग्लोव्हज गाडीतच राहिले होते. कुणाला आठवलेही नाहीत.

बुधवार

मिळालं. मोटर पाचव्या सेकंदाला दोन सेकंद दिसणार. दिली तेवढी जागा. तेवढ्यावर पाठ टेकत नाही.

सोळा वर्षांत दिल्लीहून आलेल्या हिंदी ओळींचं मराठी करत आलोय. 'दम है' आलं की 'दम आहे' लिहायचं आणि मान खाली घालून पुढचं पाकीट घ्यायचं. या खेपेला उलटं झालंय. फिल्म आधी मराठीत, मग हिंदीत.

मघाशी साडेदहाला दिल्लीच्या हिंदी रायटरचा फोन आला. सज्जन माणूस, ओळख नव्हती. "बाकी सब हो गया भाई. आवाज़ आ रही है ना, तो सो जाओ. लेकिन ये जो आख़िर में 'की' है, इसका क्या करूँ?"

मी त्याला आज्ञा, विनंती, लाडीगोडी, कावलेपणा, सगळं समजावून बघितलं. एका अक्षरात मामी किती बसलीय ते सांगितलं. तो म्हणाला, "एक बार बोल के सुनाओ." मी बोललो. "फिर से." पुन्हा बोललो. शेजारच्या खोलीतून बायको ओरडली, "कुणाला झोपवताय एवढ्या रात्री?"

तो म्हणाला, उद्या सकाळपर्यंत वीस पर्याय पाठवतो. मी म्हटलं, शंभर पाठव.