एका बासच्या तीन जन्मतारखा

फेंडर या अमेरिकन कंपनीच्या एका जुन्या बास गिटारची जाहिरात होती. त्यात एवढंच होतं: ‘फेंडर जॅझ बास, 1966. रंग काढलेला. वाजतो. ठेवायला केस नाही. येऊन बघा.’ सोबत चार फोटो, त्यातले दोन हललेले. किंमत मात्र ठाम होती. मूळ रंग शाबूत असलेल्या 1966 च्या बासला जे पडतात, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. रंग काढलेल्या जुन्या फेंडरची किंमत साधारण निम्मी धरायची, हा या बाजारातला ठोकताळाच आहे. म्हणजे विकणारा अडाणी नव्हता आणि लबाडही वाटत नव्हता.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि बास होता पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनच्या पुढे. निघायच्या आधी फोनवर एकच प्रश्न विचारला, तो नेकचा, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांडीचा: “नेक काढून बघू द्याल का?” पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हातारबुवा म्हणाले, “परत लावता येते ना? मग काढा.”

हा प्रश्न मी फुकटात शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून ‘1972 चा जॅझ बास’ फोटोंवर विश्वास ठेवून मागवला होता. खोकं उघडलं आणि डोक्यापाशी ट्रस रॉडची गोळी दिसली. नेकच्या आतली ती लोखंडी सळई पिळायचं टोक. जॅझ बासवर ही गोळी 1974-75 च्या सुमाराला आली, नेक बॉडीला तीन स्क्रूंनी जोडण्याच्या पद्धतीसोबत. त्याआधी सळई पिळायची जागा नेकच्या बुडाशी होती. म्हणजे 1972 च्या बॉडीला कुणीतरी नंतरची नेक बसवली होती. बरं, बॉडी तरी 1972 ची होती का, तेही मग तपासावंसं वाटेना. परत पाठवला, पण येण्याजाण्याचं भाडं माझ्याच बोडक्यावर बसलं. बायको म्हणाली, “निदान भाजी घेताना तरी तू उलटून बघतोस.”

बासशी माझी गाठ पडली ती पुण्यात, कॉलेजात असताना, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात. गिटारवाले तीन जण होते आणि तिघांनाही पुढे उभं राहायचं होतं, म्हणून बास माझ्या गळ्यात आला. तो कुठल्यातरी नकलेची नक्कल होता. तारा इतक्या उंच की बोटांना घट्टे पडायचे. पण त्याआधी रेडिओवर राहुलदेव बर्मनची गाणी ऐकताना पोटात जे काहीतरी हलायचं ते हेच, हे तेव्हा कळलं. तो बास टोनी वाझ वाजवायचे, हे आणखी बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता ज्यांना या वाद्याचं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. उभा डबल बास म्हणजे आपला सरोद समजा. त्याला पडदे नाहीत, सूर कानाने शोधायचा. कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडरने 1951 मध्ये त्याला सतारीसारखे पडदे दिले, आडवा केला, गळ्यात अडकवला. सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. 1957 मध्ये त्याचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून तिची वीज करणारा भाग, दोन तुकड्यांत विभागला, त्यामुळे विजेची गुणगुण गेली. नेकचं डोकंही मोठं झालं. तिथून पुढे प्रिसिजन जवळजवळ तसाच राहिला, आणि माझ्या मते त्यात हात घालण्यासारखं काही उरलंही नव्हतं. 1960 मध्ये जॅझ बास आला. कंबर तिरकी, पिकअप दोन, आणि नेक वरच्या टोकाला दीड इंच, म्हणजे प्रिसिजनपेक्षा पाव इंच बारीक. माझ्यासारख्या आखूड बोटांच्या माणसाला तो पाव इंच म्हणजे मोठी सोय.

जॅझ बासची गंमत अशी की तो दर दोन-चार वर्षांनी काहीतरी बदलत राहिला. सुरुवातीला एकावर एक बसवलेली जोडबटणं, 1962 पासून सुटी तीन बटणं. 1965 च्या जानेवारीत फेंडर कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरना सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने घेतली. त्याच सुमारास नेकच्या कडेला पट्टी आली आणि 1966 मध्ये गोल ठिपक्यांच्या जागी चौकोनी खुणा. 1968 मध्ये लाखेसारख्या पातळ रंगाऐवजी जाड पॉलिएस्टर. सत्तरचं दशक उजाडल्यावर पुलाजवळचा, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथला पिकअप जवळजवळ एक सेंटिमीटर मागे सरकला, आणि त्या सेंटिमीटरने आवाज चांगलाच धारदार झाला. हे बदल पाठ असले की बास बोलायला लागतो. नंबर बघून वर्ष सांगणाऱ्यांचा मात्र मला आता राग येतो.

म्हातारबुवांच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरला. मी सोबत नेलं होतं ते एवढंच: बरोबर मापाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, स्टीलची पट्टी आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा. आधी ॲम्प्लिफायरला लावून वाजवला. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे, तेव्हा शांत. एकाचं बटण खाली आणलं की गुणगुण सुरू. जॅझ बासचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून दोघांचा आवाज सारखा असताना गुणगुण एकमेकांना मारते. ती जिथल्या तिथे होती. म्हणजे पिकअप निदान जोडीचे होते.

बॉडीच्या मागची, नेक धरून ठेवणारी धातूची पट्टी बघितली. मोठा एफ कोरलेला, खाली सहा आकडी नंबर, दोन लाखांच्या जरा पुढचा. हा नंबर कुठल्याही तक्त्यात 1967 च्या आसपास पडतो. पण या पट्ट्या कारखान्यात डब्यात पडलेल्या असायच्या आणि हाताला येईल ती लागायची. त्यात ती चार स्क्रूंनी सुटते आणि दुसऱ्या कुठल्याही फेंडरला बसते. तिला मी साक्षीदार मानतच नाही.

तारा सैल केल्या, बटणांची चकचकीत पट्टी उचलली. खाली तीन पॉट, म्हणजे बटण फिरवल्यावर आवाज कमी-जास्त करणारे भाग, पाठीवर कोरलेले आकडे: 3046632. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, 304 म्हणजे स्टॅकपोल. मग 66 म्हणजे वर्ष, आणि 32 म्हणजे आठवडा. तिन्ही पॉट 1966 चे. वायरींच्या सोल्डरचे डाग जुने, मळकट, कुणी हात न लावलेले. फक्त जॅकच्या वायरला एक नवा चकाकणारा ठिपका. म्हातारबुवा खांद्यावरून वाकून बघत होते. “बघा, 66,” ते म्हणाले. “मी काय सांगत होतो.”

इथेच बरेच लोक थांबतात आणि पैसे मोजतात. पण 1966 मध्ये या पॉटचा प्रचंड साठा घेतला गेला होता आणि तो पुढे 1969 पर्यंत पुरला. पॉटवरचा आकडा एवढंच सांगतो की बास त्याच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो.

मग पिकगार्ड, म्हणजे बॉडीच्या तोंडावरची प्लास्टिकची पट्टी काढली. पिकअपच्या खाचेत तळाशी पिवळा आणि कडेला काळपट लाल रंग शिल्लक होता. म्हणजे मूळचा सनबर्स्ट, मध्ये पिवळा आणि कडेला गडद होत जाणारा. म्हातारबुवांनी सांगून टाकलं, “1978 मध्ये गॅरेजमध्ये मीच उतरवला. तेव्हा सगळे उतरवत होते.” ते खरंच आहे. सत्तरच्या दशकात लाकूड उघडं दिसण्याची टूम होती, आणि कितीतरी चांगले रंग त्या टूमीत खरवडून निघाले. अंगठा टेकवायच्या पट्टीची भोकंही दोन ठिकाणी होती. मूळची बारीक तारेच्या बाजूला, कारण बोटं त्या पट्टीत अडकवून अंगठ्याने वाजवायचं असा सुरुवातीचा हिशेब होता. लोक मात्र बोटांनी वाजवायला लागले. शेवटी 1974 मध्ये कारखान्यानेच ती पट्टी जाड तारेच्या बाजूला नेली. या बासवरची वरची भोकं वेडीवाकडी होती. “तीही मीच पाडली,” म्हातारबुवा.

आता नेक. चार स्क्रू, त्यातला एक हाताने फिरवला तरी फिरत होता. नेक सहज निघेना, हलक्या हाताने झुलवावी लागली. मग ‘टक’ असा कोरडा आवाज झाला आणि पन्नासेक वर्षांचं बंद लाकूड उघडलं. खाचेत मूळ रंग आणि एका बाजूला बोटभर रुंदीची कोरी जागा. रंग मारताना बॉडी धरायला तिथे एक काठी ठोकलेली असायची, तिची ही सावली. अशी सावली असली की बॉडी खरी. आणि नेकच्या बुडाशी शाईचा शिक्का, फिकट पण वाचता येण्यासारखा: 7, मार्च, 69, ए. सात म्हणजे जॅझ बास, ए म्हणजे दीड इंच रुंदी. मधली तारीख वाचायला चष्मा लागत नाही.

एकदा तारीख कळल्यावर बाकीचं आपोआप जुळलं. नेकच्या डोक्याची पुढची बाजू पिवळसर होती, मागची नव्हती. पॉलिएस्टर आल्यावर त्याने लोगोचा कागद खराब व्हायचा, म्हणून डोक्याच्या तोंडावर जुनाच पातळ रंग चालू ठेवला होता. तोच पिवळा पडतो. ही भानगड 1968 च्या आधी असूच शकत नाही. मी आल्याबरोबर ते बघायला हवं होतं. स्क्रूड्रायव्हरच्या नादात राहिलं.

सांगावं की नाही, असा विचार क्षणभर आला नाही असं नाही. उलट सांगितलं तर किंमत उतरेल हा हिशेबही मनात होताच. आरसा आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ तो शिक्का बघितला आणि म्हणाले, “मी आयुष्यभर सगळ्यांना 66 सांगत आलो.” मग थोडी घासाघीस झाली. त्यांनी किंमत कमी केली, माझ्या अपेक्षेएवढी नाही, पण वर तळघरातून खिळ्यांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात पिकअपवरचं आणि पुलावरचं अशी दोन्ही क्रोमची झाकणं. पुलाच्या झाकणाला आतून चिकटवलेला स्पंज हात लावताच भुगा झाला. तारांचा आवाज दाबायला असायचा तो. ही झाकणं लोक काढून टाकत, हरवत. मी घासाघीस तिथेच थांबवली.

घरी आल्यावर खरं किचकट काम ट्रस रॉडचं. नेक पुढे वाकली होती, आणि या काळच्या बासची सळई पिळायला नेक काढावीच लागते. काढायची, एक अष्टमांश फेरा द्यायचा, लावायची, तारा ताणायच्या, रात्रभर ठेवायचं, सकाळी पट्टी लावून बघायचं. चार रात्री गेल्या. एकदम जोर लावणाऱ्याच्या हातात सळई तुटून येते, आणि मग ती नेक भिंतीवर टांगायच्या कामाची. सैल स्क्रूच्या भोकात फेव्हिकॉलसारखा लाकडाचा गोंद आणि दोन टूथपिक घातल्या. पॉट बदलले नाहीत, नुसते फवारा मारून स्वच्छ केले. खरखर थोडी राहिली आहे, राहू दे.

पुन्हा सनबर्स्ट मारून घे, असं दोघांनी सुचवलं. मारणार नाही. मारला तरी किंमत वाढत नाही, आणि म्हातारबुवांनी गॅरेजमध्ये घासलेलं ते लाकूड माझ्या मनगटाला आता सवयीचं झालंय.

फिंगरबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या पडद्यांच्या लाकडावर, तेलाचा बोळा फिरवला तेव्हा बायको शेजारी होती. ती बघून म्हणाली, “हे तर आजीच्या पाटाचं लाकूड.” फेंडरने साठच्या दशकात ब्राझिलियन रोझवूडकडून भारतीय रोझवूडकडे मोर्चा वळवला होता, आणि भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसवी. पुण्याला न्यायचं मनात आहे, म्हणून हे लाकूड एकदा जाणकाराकडून नीट तपासून घेणार आहे. ब्राझिलियन निघालं तर ते 1992 पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. शिसवीचं असेल तर 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट आहे.

महिन्याभराने ॲलनटाउनहून पाकीट आलं. आत पिवळी पडलेली पावती, 1977 ची, कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाची. ‘वापरलेला फेंडर बास, सनबर्स्ट, 66,’ बॉलपेनने लिहिलेलं. म्हणजे तेव्हाही कुणीतरी बटणांची पट्टी उचलून पॉट वाचले होते आणि नेक काढायचा कंटाळा केला होता. पावती मी नव्या केसच्या कप्प्यात ठेवली आहे, शिक्क्याच्या फोटोबरोबर.