बगॅसचा बेल्ट सरळ चालवायला शिकलो ती रात्र

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो, तो पहिलाच हंगाम. मिलमधला बगॅस, म्हणजे उसाचा रस काढून उरलेला चोथा, बॉयलरकडे नेणारा रबरी बेल्ट माझ्याकडे होता. एका तिसऱ्या पाळीत तो बाजूला सरकायला लागला. कड सांगाड्याला घासून धागे निघत होते, खाली बगॅसचा ढीग. हा बेल्ट थांबला की बॉयलरचं जळण तुटतं, वाफ उतरते, गाळप अडतं.

घाईत मी टेल पुलीचा, म्हणजे बेल्टच्या मागच्या टोकाच्या चाकाचा, एका बाजूचा बोल्ट आवळला. पाच मिनिटं बरं वाटलं, मग बेल्ट दुसरीकडे पळाला.

आमच्या खात्यातले जुने फिटर आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. "पान्हा ठेव, आधी नुसतं बघ. बेल्टचा एकच तुकडा जाईल तिथं सरकतोय, का ठरावीक जागी आला की सगळाच सरकतोय?" तुकडा सरकत असेल तर जोड तिरका बसलेला असतो, जागा ठरलेली असेल तर दोष तिथल्या नाहीतर त्याच्या आधीच्या रोलरचा. दोन वर्षांच्या आयटीआयमध्ये मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमची जागा ठरलेली होती. बेल्ट बंद केला, पॅनेलला कुलूप लावून चावी तात्यांनी खिशात घातली. चालत्या बेल्टला सळई लावलेली त्यांना खपत नाही, आणि ते बरोबरच आहे; पुलीत सापडलेला हात परत येत नाही. बॅटरी मारली तर खालच्या परतीच्या रोलरवर एका टोकाला बगॅसचा जाड थर. बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणीच असतं, त्यात बेल्टला चिकटलेलं खरवडणाऱ्या स्क्रॅपरची पट्टी झिजलेली. सगळं खरवडून काढलं.

तरी थोडा सरकतच होता. मग खरी गोष्ट कळली: बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो, तिकडे ओढला जातो. म्हणून तो ज्या अंगाला पळतोय, त्या अंगाचं टोक बेल्टच्या चालीच्या दिशेनं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढं सारायचं. मग बेल्टच्या दोन-तीन फेऱ्या होऊ द्यायच्या, पुन्हा बंद, मग पुढचा रोलर.

मेघालयातून बांगलादेशातल्या सिमेंट कारखान्याला चुनखडी नेणारा १७ किलोमीटरचा बेल्ट आहे. साखरेची ५० किलोची पोती गोदामात नेणारा आमच्याकडचाही आहे. नियम दोघांना हाच.

पहाटे बेल्ट रोलरच्या मधोमध आला. स्क्रॅपरला नवी पट्टी मी सकाळीच स्टोअरमधून काढली.