तुम्ही विचारलंत म्हणून : पहिला सीझन गाळला तर चालेल का?

'फ्लीबॅग' ही ब्रिटिश विनोदी मालिका बघा असं कुणालाही सांगितलं की आठ दिवसांत तोच प्रश्न परत येतो : पहिला सीझन गाळून थेट दुसरा लावला तर चालेल का? विचारणाऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही. २०१९ साली सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी हा टीव्हीचा मोठा अमेरिकन पुरस्कार मिळाला तो दुसऱ्या सीझनला. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनेत्रीचाही त्यालाच. ज्याच्या नावाने लोक अजून उसासे टाकतात तो पाद्री दुसऱ्यातच आहे. आणि पहिल्याचे दोन भाग पाहून 'ही बाई फारच आगाऊ आहे' म्हणत बरेच जण उठलेले असतात.

नाही चालणार. हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः नेमकं हेच केलं होतं.

एका मैत्रिणीने 'दुसऱ्याचा पहिला भाग बघच' असा लकडा लावला आणि मी तिथूनच सुरुवात केली. तो भाग आहेही असा, की मागचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही. जवळजवळ सगळा एका रेस्टॉरंटच्या टेबलाभोवती घडतो. नायिकेचे वडील आणि तिची गॉडमदर (बाप्तिस्म्यात मानलेली आई) लग्न करणार म्हणून जेवण आहे. टेबलाशी नायिका आहे (तिचं नाव मालिकेत कधीच कळत नाही), तिची बहीण क्लेअर, क्लेअरचा नवरा मार्टिन आणि लग्न लावणारा पाद्री. सगळे गोड हसत एकमेकांना टोचताहेत. मध्येच क्लेअर बाथरूममध्ये जाते, तिथे तिचा गर्भ पडतो, आणि ती चेहरा नीट करून परत येऊन खुर्चीत बसते. जेवण चालूच. तिला दवाखान्यात नेता यावं म्हणून नायिका भर टेबलावर सांगते की हे माझ्याच बाबतीत झालंय. इतकं भयंकर चाललेलं असताना मी हसत होते. हसून झाल्यावर लाज वाटावी असंही नाही. दोन्ही एकदमच होत होतं.

या सगळ्यात नायिका अधूनमधून कॅमेऱ्याकडे वळते, भुवई उडवते, आपल्या कानात सांगितल्यासारखं काहीतरी पुटपुटते. मला ती नुसती गंमत वाटली. मालिकेची लेखिका आणि नायिका फीबी वॉलर-ब्रिज हिने हे आधी २०१३ साली एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवात एकपात्री म्हणून केलं होतं. म्हणजे प्रेक्षकांशी बोलायची खोड तिथलीच, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग कधीतरी २०१६ चा पहिला सीझन पाहिला. सहा भाग, एकेक अर्ध्या तासाच्या आतला, एका संध्याकाळीच संपवला. आणि त्या कॅमेऱ्याकडे बघण्याचा अर्थच बदलला. तिची जिवाभावाची मैत्रीण बू गेलेली आहे; दोघींनी मिळून कॅफे काढला होता. बूची आठवण जवळ आली की ही आपल्याकडे वळून एक विनोद टाकते. आपण हसतो. शिवाय मनातून सुखावतो, की घरच्यांना जे सांगत नाही ते ही आपल्याला सांगते. शेवटच्या भागात कळतं की तिने खरी गोष्ट आपल्यापासूनच लपवली होती. काय ते इथे सांगत नाही. पण आपण तिचे मित्र वगैरे नव्हतो, आडोसा होतो.

एवढं कळल्यावर दुसरा सीझन पुन्हा लावला. समुपदेशक बाई विचारते, बोलायला कुणी आहे का? नायिका आपल्याकडे बघून डोळा मारते आणि म्हणते, आहेत की, ते नेहमीच असतात. पहिल्या वेळी मी यावर खुदकन हसले होते. या वेळी घशाशी आलं.

तिसऱ्या भागात ती अशीच आपल्याशी काहीतरी बोलते आणि शेजारचा पाद्री विचारतो, आत्ता कुठे गेली होतीस? पहिल्या सीझनमध्ये हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, सख्ख्या बहिणीच्यासुद्धा. चौथ्या भागात तर तो स्वतःच मान वळवून कॅमेऱ्यात बघतो. मी दचकून मागे सरकले. तिच्याबरोबर सहा भाग लपून बसलेल्यालाच पकडलं गेल्याची भीती वाटणार. थेट दुसऱ्यापासून येणाऱ्याला तो एक हुशार खेळ वाटतो, मलाही वाटला होता.

पाद्री झालेल्या अँड्र्यू स्कॉटच्या दिसण्यावर पुष्कळ बोलून झालंय. माझ्या मते लेखिकेची खरी चलाखी त्याच्या पेशात आहे. पितो, शिव्या देतो, कोल्ह्यांना घाबरतो, ते सगळं ठीक. पण हाही इतरांना न दिसणाऱ्या कुणाशी तरी रोज बोलणारा माणूस आहे. तिची नजर हलली की ती कुठे जाते हे त्याला नाही कळणार तर कुणाला?

एक अपवाद सांगून ठेवते. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्याच भागात अभिनेत्री क्रिस्टिन स्कॉट थॉमस बारमध्ये बसून बाईच्या जन्माबरोबरच येणाऱ्या वेदनेबद्दल बोलते. तेवढा प्रसंग मागचापुढचा संदर्भ न घेता पाहिलात तरी चालेल. एरवी मात्र पहिल्यापासूनच. सुरुवातीला ती आगाऊ वाटेल. वाटू द्या, तिला तसंच हवंय. ज्यांना एवढ्यावर पटलं त्यांनी इथे थांबावं, कारण पुढे शेवट सांगते आहे.

पाचव्या भागाच्या अखेरीस, पाद्री जवळ असताना, ती हाताने कॅमेरा बाजूला ढकलते. आपल्याला बघू देत नाही. आणि सहाव्यात, रात्री बस स्टॉपवर, तिच्या प्रेमाला तो 'होईल कमी' एवढंच उत्तर देऊन निघून जातो. ती उठते, चालू लागते, कॅमेरा सवयीने मागे निघतो. ती वळून मान हलवते : नको. पुढे जाऊन हात करते. कॅमेरा जागच्या जागी.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चला, छान संपवलं. दुसऱ्यांदा मात्र नावं सरकून पडदा काळा झाला तरी मी रिमोट हातात धरून बसले होते. पाद्री तिला सोडून गेला होता हे खरं, पण ती मला सोडून गेली होती.