पहाटेचा आकडा

मागच्या दिवाळीच्या तोंडावर कापूस वेचताना माझे हात थरथरायला लागले. दोन भाकरींच्या जागी चार खात होते, तरी आठ किलो उतरले. रक्ताचा रिपोर्ट आला: टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा मेंदूकडचा हार्मोन) 0.01 च्याही खाली, टी3-टी4 (थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन) चढलेले. सासूबाईंचा विश्वासच बसेना. "थायराईडच्या बाया तं फुगतेत, तू काऊन वाळून राह्यली?" त्यांचा तरी काय दोष, आमच्या हिंगणघाटकडच्या खेड्यात सगळ्यांना माहीत असलेला थायरॉईड कमीचा. माझा जास्तीचा निघाला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात थायरॉईड दाबणारं कार्बिमाझोल सुरू झालं, धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. तेवढ्यात पुण्याच्या भाच्यानं त्याचं जुनं घड्याळ पाठवलं, ठोके मोजणारं. पहिला आठवडा मी वेड्यासारखी मनगटाकडेच पाहत होते. वेचणीत 130, चहा प्यायले की वाढ, यांच्याशी भांडले की वाढ. बांगड्यांमुळे पट्टा सैल राहायचा, मग आकडा उगाच कुठेही उड्या मारायचा. शेवटी बांगड्या काढल्या, घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घट्ट बांधलं आणि दिवसाचे आकडे पाहणंच सोडलं. झोपेतला सगळ्यात कमी आकडा तेवढा पहाटे उठून कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचा. त्याच चौकोनात दुधाचा हिशोब असतो, म्हणून एकदा यांनी माझे ठोके दुधात धरले.

सुरुवातीला 94 होते, दीड महिन्यात 71. मी खुशीत कॅलेंडरच घेऊन गेले. डॉक्टर हसले. म्हणाले, यातली बरीच उतरण धडधडीच्या गोळीची आहे, ती ठोके दाबते. ती हळूहळू बंद केली तेव्हा आकडा 77 वर येऊन टिकला. माझा खरा पाया तो. टी4 तोवर जागेवर आला होता, टीएसएच मात्र तसाच तळाला. त्याला वर यायला काही महिने लागू शकतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी एवढी रडले नसते.

मार्चमध्ये कार्बिमाझोल कमी केलं. तीन आठवड्यांनी चौकोनात 79, 82, 85, 86. त्रास काहीच नव्हता, ताप नाही, झोपही ठीक. तरी तारखेआधीच रक्त दिलं. टी4 पुन्हा चढलेला. गोळी वाढली. घड्याळ पाहून नाही, रिपोर्ट पाहून. पण रक्त कधी द्यायचं हे घड्याळानं सांगितलं.

मे महिन्यात आकडा परत वाढला, तेव्हा मात्र मी बसचे पैसे वाचवले. तीन रात्री लाईट नव्हती, कूलर बंद, अंगाची लाही. लाईट आली, दोन दिवसांत आकडा उतरला. तेव्हापासून आकड्याशेजारी "लाईट नाही", "उपास", "पाहुणे" असं लिहिते.

जुलैत एका रात्रीत 96. घसा दुखत होता, अंगात ताप. इथं वाट पाहायची नसते. कार्बिमाझोलनं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, म्हणून ताप आणि घसा आला की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. भर पावसात गेलो. पेशी बरोबर निघाल्या, साधा ताप होता. डॉक्टरांनी सांगितल्यावरच गोळी परत सुरू केली.

पुढचं रक्त तान्ह्या पोळ्यानंतर द्यायचं आहे. आज पहाटे 75.